नऊ नंबर कोण उचलणार?

ऑफिसातली टेलिफोनची पेटी भिंतीवर ठोकायला अर्धा दिवस पुरतो. चार स्क्रू, आठ जोड्या तारा आणि एक प्लग. खरी पंचाईत पेटी चालू झाल्यावर होते, कारण चालू झाली की ती प्रश्न विचारू लागते, आणि संस्थेच्या स्थापनेपासून कुणी कुणाला विचारले नाहीत असेच नेमके विचारते. मोठा साहेब कोण? साहेब जागेवर नसतील तर कोण? तोही नसेल तर? ऑफिस किती वाजता उघडतं? पाटीवरची वेळ नको, खरी सांगा. बाहेर फोन लावायची मुभा कुणाकुणाला? ज्याला नाही, त्याला ते कोण सांगणार? आपल्याकडची संस्था असल्या प्रश्नांना बगल देण्याच्या कौशल्यावरच उभी असते. पेटीला बगल समजत नाही. तिला प्रत्येक रकान्यात आकडा लागतो.

आंधळगावातल्या एका संस्थेत अशी पेटी आली. संस्थेचं नाव विचारू नका. मोहाडी तालुक्यातली कुठलीही धरली तरी मजकुरात फरक पडणार नाही. आंधळगाव हे कोशाच्या कापडाचं गाव. इथे घराघरात खड्डामाग आहेत, टसरचं अंग आणि करवतीच्या दात्यांचे काठ असलेली साडी इथल्या कोष्टी विणकरांच्या हातची. संस्थेची इमारत मात्र हातमागाइतकी नेटकी नाही. अध्यक्षांची केबिन एका टोकाला, सुताचं गोदाम दुसऱ्या टोकाला, मध्ये बडे बाबू, लेखापाल मॅडम, विक्रीचा काउंटर, मागे रंगखाना, आणि व्हरांड्यात शिपाईभाऊंचा स्टूल. या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत आवाज सहज पोहोचतो, आणि आजवर सगळा कारभार आवाजावरच चालला. अध्यक्षांनी "अहो बडे बाबू!" अशी हाक मारली, की तिच्या पट्टीवरून रंगखान्यातल्या माणसालाही कळायचं, आज बाबूंचं काही खरं नाही. हा पारदर्शक कारभार बंद व्हावा असं कुणाला वाटलं ते इतिवृत्तात नाही, पण इंटरकॉमचा ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक बडे बाबू होते.

मला बोलावलं गेलं ते मॅन्युअल इंग्रजीत होतं म्हणून. नागपूरहून वरठी स्टेशनावर उतरून आलेला तंत्रज्ञ चांगला हुशार पोरगा होता, पण तोंडाने कमी आणि पेचकसाने जास्त बोलणारा. मॅन्युअलमधला तक्ता मी वाचायचा, ऑफिसने उत्तर द्यायचं, त्याने बटणं दाबायची, अशी कामाची वाटणी ठरली. तिघांपैकी दोघांचं काम वेळेत झालं.

पेटी इतकी खोदून का विचारते, हे तिच्या कुळाचा इतिहास पाहिला की कळतं. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्सचेंजमध्ये माणसं बसत आणि हाताने तारा जोडून देत. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा धंदा करी. असं सांगतात, की तिथल्या एक्सचेंजमधली ऑपरेटर त्याच्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाची बायको होती. गावात कुणी गेलं आणि घरच्यांनी स्ट्राउजरचा फोन मागितला, की बाई तो आपल्या नवऱ्याला जोडून देई. गावात माणसं मरताहेत आणि आपल्याकडे कुणी येत नाही, याचा छडा लागल्यावर स्ट्राउजरने भांडण केलं नाही. मधल्या माणसाची गरजच संपवणारं स्वयंचलित स्विच त्याने बनवलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात असं पहिलं एक्सचेंज सुरू झालं. आपल्याकडे खेड्यापर्यंत ही सोय यायला बराच काळ गेला. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ लायनींचं एक्सचेंज तयार केलं. एअर कंडिशनर नको, ऑपरेटर नको, धुळीत आणि उन्हात चाललं पाहिजे, या अटींवर ते १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. म्हणजे या यंत्राचं सगळं घराणं माणसावरच्या अविश्वासावर पोसलेलं. त्याला "तुम्ही बघून घ्या" हे उत्तर कसं चालावं?

प्रोग्रॅमिंगची रीत तशी सोपी आहे. पेटीला पडदा नसतो, अक्षर नसतं. एका ठरावीक फोनवरून संकेत डायल करायचा, मग चार आकडी पासवर्ड, मग कलमाचा क्रमांक, मग कुणासाठी ते आणि मग काय ते. उत्तर पसंत पडलं तर पेटी लहान लहान बीप देते. नाही पडलं तर एक लांबलचक कण्हणं ऐकू येतं. कारण सांगत नाही. सरकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला ही भाषा नवी नाही. बटणाचा प्रत्येक आवाज दोन सुरांचा असतो; १ दाबला की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे सूर एकदम वाजतात. हे आकडे मुद्दाम असे निवडले आहेत, की माणसाच्या बोलण्यातून चुकून तसा आवाज निघून पेटीने भलताच हुकूम ऐकू नये. अध्यक्षांच्या टेबलावर मात्र काळा, चकतीचा फोन होता. चकतीचा फोन सूर काढत नाही, टिकटिक करतो. ५ ला पाच, ० ला दहा. त्यावर स्टार नाही आणि हॅशही नाही. तो बदलायचा विषय निघताच अध्यक्षांनी फोनवर असा हात ठेवला, की तंत्रज्ञाने विषय बदलला. "सर, स्टारपासून सुरू होणारी कुठलीच सोय तुम्हाला वापरता येणार नाही," त्याने जपून सांगितलं, "म्हणजे तुम्हाला स्वतः काही करावं लागणार नाही." अध्यक्ष प्रसन्न झाले. त्यांना हवी होती ती सोय हीच होती.

पहिला प्रश्न नंबरांचा. पेटी घरून येतानाच आपले नंबर घेऊन येते: २०१ पासून २०८ पर्यंत, तारा ज्या क्रमाने जोडल्या त्या क्रमाने. गोदामाची तार सगळ्यात जवळ होती म्हणून गोदामपाल २०१ झाले. अध्यक्षांची केबिन लांबच्या टोकाला म्हणून ते २०८. हा क्रम केवळ तारेच्या लांबीवरून पडला, हे तंत्रज्ञाने तीनदा समजावलं. पण गोदामपालांच्या चेहऱ्यावर तोपर्यंत एक वेगळीच झळाळी आली होती आणि ती त्यांना महागात पडली. नंबर बदलता येतात असं कळल्यावर अध्यक्ष २०१ झाले. मग उपाध्यक्षांचं काय? उपाध्यक्ष महिन्यातून एकदा सभेला येतात, त्यांना खोली नाही, टेबल नाही, त्यामुळे फोनही नाही. पण २०२ दुसऱ्या कुणाला दिला तर ते सभेला येणार नाहीत आणि गणपूर्ती होणार नाही. शेवटी २०२ त्यांच्या नावे राखून ठेवला. आज तो नंबर लावला की ऐकणाऱ्याला व्यवस्थित घंटी ऐकू येते, कारण तारेच्या टोकाला यंत्र आहे की नाही याची पेटी फिकीर करत नाही. उपाध्यक्ष फार कामात असतात असा बाहेर समज पसरला आहे. त्यांचं वजन वाढलं आहे.

दुसरा प्रश्न शून्याचा. शून्य दाबला की बाहेरची लाइन मिळते. कुणाला मिळावी आणि कुणाला नाही, हे प्रत्येक नंबरापुढे लिहायचं असतं. काहींना फक्त आतल्या आत, काहींना गावापुरतं, काहींना देशभर. पूर्वी ही व्यवस्था एका चिमुकल्या कुलपाने होत असे. चकतीच्या भोकात ते अडकवलं की चकती फिरत नसे आणि किल्ली साहेबांच्या खिशात. पण एक्सचेंज ज्या टिकटिकीने नंबर ओळखतं, ती टिकटिक रिसीव्हरखालची दांडी बोटाने दाबूनही करता येते. पाचासाठी पाचदा, शून्यासाठी दहादा. कुलूप जागच्या जागी ठेवून दांडी टिचकावत मुंबईच्या मेव्हण्याशी बोलणारे कलावंत त्या काळी प्रत्येक ऑफिसात एक तरी होते, आणि बहुधा ते हिशेबाच्या खात्यात असत. नव्या पेटीला असं फसवता येत नाही. त्यामुळे आता वरवर साधा वाटणारा तक्ता सर्वांच्या डोळ्यांदेखत भरायचा होता. काउंटरवरच्या पोराला गावापुरतं, असं बडे बाबू म्हणाले. पोरगा म्हणाला, गिऱ्हाईक नागपूरचं, पुण्याचं. गावातलं माणूस कोसा घ्यायला फोन करते का? मुद्दा बिनतोड होता, म्हणून तो पुढच्या सभेपुढे ठेवला.

याच कलमाला लागून आणखी एक सोय होती: कुणी, कोणता नंबर, किती वेळ बोललं, याची नोंद पेटी आपणहून ठेवते आणि छापूनही देते. मी हे वाचून दाखवलं तेव्हा खोलीत प्रथमच पूर्ण एकमत दिसलं. कागद वाचवण्यासाठी ती सोय बंद ठेवण्यात आली.

तिसरा प्रश्न वेळेचा. दिवसा फोन ऑफिसात वाजावा, रात्री चौकीदाराकडे, यासाठी पेटीला दिवस कधी सुरू होतो ते सांगावं लागतं. पाटीवर १० आहे. लेखापाल मॅडमची बस साडेदहाला येते. बडे बाबू शेतावर चक्कर मारून येतात, त्यामुळे धानाच्या दिवसांत एक वेळ आणि एरवी दुसरी. पेटीला ऋतू कळत नाहीत, तिला तास आणि मिनिटं कळतात. "पाटीवरचंच टाका," असं ठरलं. आता १० ते पावणेअकरापर्यंत आलेले सगळे फोन कायद्याने उघड्या असलेल्या रिकाम्या ऑफिसात वाजतात.

स्वागताचा संदेश रेकॉर्ड करायचा होता. मॅडमचा आवाज गोड म्हणून त्यांच्यावर सोपवलं. मजकुरावर मात्र तासभर चर्चा झाली. "नमस्कार" की "राम राम"? संस्थेचं संपूर्ण नाव नोंदणी क्रमांकासह, की थोडक्यात? संपूर्ण नाव घेतलं तर पेटीने दिलेले सेकंद त्यातच संपत होते, आणि संस्था कसली आहे ते कळण्याआधीच फोन कापला जात होता. शेजारच्या घरातल्या मागाची खटखट थांबेना, मग विणकराला निरोप गेला. तो थांबला तोवर कोंबड्याने सुरुवात केली. अखेर एका दमात संदेश झाला आणि सुटकेचा श्वास टाकत मॅडमनी तंत्रज्ञाकडे पाहिलं. तो संदेश अजून आहे. "नमस्कार. विक्रीसाठी एक दाबा. सुतासाठी दोन दाबा. इतर चौकशीसाठी नऊ दाबा. झालं का जी?" पुष्कळ गिऱ्हाइकं शेवटच्या प्रश्नाला "हो" म्हणतात आणि वाट पाहत बसतात.

आणि तेव्हा उभा राहिला नऊ नंबरचा प्रश्न. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांत नऊ म्हणजे ऑपरेटर. ज्याला कुठे जायचं कळत नाही तो नऊ दाबतो. तर हा नऊ कुणाच्या टेबलावर वाजावा? मॅडम म्हणाल्या, त्यांच्या नेमणूकपत्रात हे काम नाही. बडे बाबू म्हणाले, उचलायला हरकत नाही, पण एकदा उचलला तर ते कायमचं होतं आणि त्याचा भत्ता कुठल्या शीर्षातून टाकणार? गोदामपालांचा २०१ गेल्यापासून ते कशातच मत देत नव्हते. तंत्रज्ञाने तोड सुचवली: फोन क्रमाने वाजू द्या. एकाने नाही उचलला तर काही सेकंदांनी पुढच्याकडे, तिथून पुढच्याकडे. मग क्रम लावायला घेतला. कनिष्ठाकडून ज्येष्ठाकडे जावा की ज्येष्ठाकडून कनिष्ठाकडे? वरून खाली आला तर सर्वांत आधी अध्यक्षांना उठावं लागेल; खालून वर गेला तर न उचललेला प्रत्येक फोन अखेर अध्यक्षांपुढे पुरावा म्हणून हजर होईल.

व्हरांड्यातून शिपाईभाऊ आत आले होते. "मंग मीच उचलतो ना जी," ते म्हणाले. "आतापावतर कोन उचलत होता?"

हे खरं होतं, पण ठरावात बसत नव्हतं. शिपायाला ऑपरेटर म्हणून दाखवलं तर पदाचा आकृतिबंध बदलतो, म्हणे.

याच वेळी एक वयस्क विणकर साडी जमा करायला आला होता. माझ्या हातातला तक्ता त्याने वाकून पाहिला. उभ्या ओळीत नंबर, आडव्या ओळीत सोयी, प्रत्येक घरात एक किंवा शून्य. "हे तं डॉबीवानीच आहे," तो म्हणाला. आणि अगदी तसंच होतं. मागावर डॉबी बसवली की लाकडी पट्ट्यांच्या साखळीत खुंट्या ठोकतात. खुंटी असेल तिथली वही, म्हणजे ताण्याचे धागे ओवलेली चौकट, उचलली जाते, नसेल तिथली खालीच राहते, आणि त्यातून काठावर नक्षी उमटते. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जॅकार्डने हेच काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नेलं, आणि पुढे पहिल्या संगणकांना हुकूम द्यायला तसलेच भोकांचे पत्ते वापरात आले. म्हणजे ऑफिसातली चार शिकलेली माणसं ज्या तक्त्यापुढे दुपारभर अडून बसली होती, तो गावातल्या मागवाल्याला पाठ होता. करवती काठाची साडी तीन धोट्यांनी विणतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. कोणता धोटा कोणाच्या मागे जाईल हे एकदा चुकलं, की काठ आणि अंग एकमेकांत गुंततच नाहीत. "खुंटी ठोकली का उठते, नाई ठोकली तं नाई उठत. याच्यात भांडन कायचं?" त्याने विचारलं. मग साडीची पावती घेता घेता म्हणाला, "पन नमुना ठरल्याबिगर कोनी ताना लावते का?"

झालं होतं ते एवढंच. पेटी अवघड नव्हती. नमुना ठरला नव्हता, आणि तो कधी ठरू नये यातच सगळ्यांची सोय होती.

तंत्रज्ञाची परतीची गाडी जवळ आली तेव्हा सर्वांनी आपापल्यापुरता मार्ग काढला. प्रत्येकाने आपल्या फोनवरून कॉल दुसरीकडे वळवायची सोय शिकून घेतली. ही एकच सोय कुणाला दुसऱ्यांदा समजावावी लागली नाही. नऊ नंबर तात्पुरता बडे बाबूंकडे दिला होता. त्यांनी तो लेखा विभागाकडे वळवला. मॅडमनी सुताचा विषय असेल म्हणून गोदामाकडे. गोदामपालांनी, जुना हिशेब चुकता करत, अध्यक्षांकडे. अध्यक्षांच्या चकतीच्या फोनवरून वळवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तंत्रज्ञाकडून ते पेटीतच करून घेतलं आणि बडे बाबूंचा नंबर दिला. चाचणीसाठी बाहेरून फोन लावला. पेटीने क्षणभर विचार केला असावा. असा गोल घेरा सापडला की चांगली यंत्रं चक्कर मारत बसत नाहीत, नकार देतात. तेच लांबलचक कण्हणं आलं.

"सर, कॉल फिरून तिथेच येतोय. सिस्टिम हे घेत नाही," तंत्रज्ञ म्हणाला.

बडे बाबूंना हे पटेना. त्यांच्या कपाटातल्या कित्येक फायली याच मार्गाने गेली कित्येक वर्षं फिरत होत्या आणि एकीनेही आवाज केला नव्हता. यंत्र कमी क्षमतेचं आहे, असा शेरा त्यांनी खरेदीच्या फायलीवर मारला आणि फाइल मॅडमकडे पाठवली.

गाडी चुकू नये म्हणून तंत्रज्ञाने मग कुणालाच न विचारता एक तार व्हरांड्यात ओढली, स्टुलाशेजारी भिंतीवर एक फोन टांगला आणि नऊ नंबर तिथे जोडून टाकला. आकृतिबंधाला धक्का नको म्हणून कागदावर त्या फोनचं नाव "व्हरांडा" असं लिहिलं. तेव्हापासून संस्था उत्तम चालली आहे. सुताचा भाव, साडीचा रंग, सभेची तारीख, अध्यक्ष आहेत की नाहीत आणि असले तर कुणासाठी आहेत, हे सगळं व्हरांडा सांगतो. वार्षिक अहवालात "अद्ययावत दूरध्वनी यंत्रणेमुळे सभासदांच्या तक्रारींत घट" असं वाक्य आलं. अभिनंदनाच्या ठरावात पाच नावं होती. व्हरांड्याचं नव्हतं.

एकच गोष्ट उरली होती: पासवर्ड. पेटीचा मूळचा १२३४ बदला, नाहीतर कुणीही येऊन सगळं फिरवील, असं तंत्रज्ञ जाताना बजावून गेला. पण नवा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्या हाती संस्था. दोन बैठका त्यावर गेल्या. शेवटी लोकशाही मार्ग निघाला. आकडे चार, म्हणून पहिला अध्यक्षांकडे, दुसरा उपाध्यक्षांकडे, तिसरा बडे बाबूंकडे आणि चौथा लेखापाल मॅडमकडे. कुणी कुणाला आपला आकडा सांगायचा नाही, प्रत्येकाने पाळीपाळीने येऊन आपलं बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. त्यामुळे काउंटरवरच्या पोराला पुण्याचा फोन द्यायचा असला, तरी आधी सात दिवसांची नोटीस काढून उपाध्यक्षांना बोलवावं लागतं. आंधळगावात आता यंत्रालाही कोरम लागतो.

त्या दिवशी चौघांनी एकामागून एक बटणं दाबली तेव्हा खोलीत पाचवं कुणी नव्हतं. म्हणजे चहा घेऊन आलेले शिपाईभाऊ सोडून.